घरगुती मतभेद असल्यामुळे

सरकारला आजवर मी पुष्कळ कागद लिहून दिले. त्यातल्या एकाची मला अजून लाज वाटते. त्या कागदावर सगळं खरं होतं, एक वाक्य सोडून. ते वाक्य मी रचलं नव्हतं. पण खाली सही माझी होती.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होतो आणि इंदिरानगरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बायको दिंडोरीकडची. तिला पाचवा महिना लागला होता आणि रॉकेलचा वास तिला अजिबात सहन होईना. स्टोव्ह पेटवायचा, पदर नाकाला लावायचा, भाकरी उलटायची आणि गॅलरीत पळायचं, असा तिचा स्वयंपाक चालायचा. बरं, ते रॉकेल तरी सरळ मिळावं? रेशनवर घ्यायचं तर कार्ड हवं. गॅसचा नंबर लावायचा तरी कार्ड हवं. आणि माझं नाव तर नामपूरला, आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कार्डावर.

नाशिकच्या कार्यालयात चौकशी केली तर खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "आधी तिकडचं नाव कमी करून आणा. दाखला आणला की इथे नवीन कार्ड."

नाव कमी करणे. तो त्या खात्याचा शब्द आहे. कार्डावर नाव वाढवतात, नाही तर कमी करतात. तेव्हा मला त्या शब्दात काही खटकलं नाही. डोक्यात एकच होतं, बाळंतपणाच्या आत गॅस यायला पाहिजे.

एक दिवस रजा टाकून मी सटाण्याला, आमच्या तालुक्याच्या गावी गेलो. कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसणारे एक गृहस्थ होते. अर्ज, प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते. मी काम सांगितलं. कार्डाची झेरॉक्स माझ्याजवळ होती, कॉलेजच्या वेळची. त्यांनी कागद चढवला आणि मला काही विचारायच्या आत मशीन वाजायला लागलं. कागद हातात आला तेव्हा मी वाचला. "घरगुती मतभेद असल्यामुळे मी वडिलांपासून विभक्त राहत असून माझी चूल वेगळी आहे. तरी माझे नाव कमी करून मिळावे, ही विनंती."

मी म्हटलं, "अहो, मतभेद वगैरे काही नाहीत आमच्यात."

"नसू देत," ते म्हणाले. "सगळे हेच लिहितात."

"पण खोटं आहे ना ते."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "दादा, मतभेद नाहीत तर वेगळे कशाला राहता, असं साहेबानं विचारलं की काय सांगाल? कागदावर प्रेमानं वेगळं होता येत नाही. कागदाला भांडण लागतं."

मागे उभे असलेले दोघेतिघे हसले. मीही हसलो आणि सही केली.

आबांना आधी सांगायला हवं होतं. सटाण्याहून नामपूर फार तर पाऊण तासाचा रस्ता. पण परतीची गाडी समोर उभी होती, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती, आणि दिवाळीला जाणारच आहोत, तेव्हा समोरासमोर सांगू, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण वेगळं होतं. मी तीन महिने घरी गेलो नव्हतो. एवढ्या दिवसांनी तोंड दाखवायचं आणि पहिलं वाक्य काय, तर माझं नाव कमी करायचंय. ते तोंडातून निघणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी गाडीत बसलो.

घरी बायकोला सांगितलं, अर्ज दिला. ती म्हणाली, "मामांना सांगितलं ना?"

"दिवाळीला सांगतो."

"लय शहाणे. त्यांच्या कार्डावरचं नाव, अन् त्यांनाच पत्ता नाय."

मला वाटत होतं, कागद कचेरीतल्या कचेरीत फिरेल. पण अर्जात चूल वेगळी असं लिहिलं की गावात चौकशी होते, हे मला ठाऊक नव्हतं. रेशनकार्ड माणसांवर नसतं, चुलीवर असतं. एक चूल, एक कार्ड. त्यामुळे चूल खरंच वेगळी आहे का, हे तलाठी गावात जाऊन विचारतो, जबाब घेतो, पंचांच्या सह्या घेतो. तसा तो आमच्याकडेही गेला. पुढे मायनं, माझ्या आईनं, मला सगळं सांगितलं. सोसायटीच्या ओट्यावर दहाबारा माणसं बसलेली. कांद्याच्या रोपांचा हंगाम, सगळ्यांच्या तोंडी तेच. तलाठ्यानं आबांना बोलावून घेतलं आणि माझा अर्ज मोठ्यानं वाचला. घरगुती मतभेद असल्यामुळे. कांद्याचं बोलणं तिथेच राहिलं. मग कोणीतरी म्हणालंच, "काय आबा, पोऱ्यानी वाटनी मांगी का?"

त्यावर आबा काय बोलले हे मायला माहीत नव्हतं. मला ते कळलं सटाण्याच्या कचेरीत.

महिन्याभरानं मी दाखला न्यायला गेलो. पुरवठ्याचं काम पाहणारे कारकून पन्नाशीचे, पान खाणारे, आवाज मोठा. त्यांनी गठ्ठ्यातून माझा अर्ज काढला, उलटला आणि म्हणाले, "तुमचं काम होत नाही. चूल एकच आहे."

"एकच कशी? मी नाशिकला राहतो."

"हे मी नाही म्हणत. तुमचे वडील म्हणतात. वाचा."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. तलाठ्याचं अक्षर, पण बोलणं आबांचं. ते मी तिथे उभ्यानं वाचलं, आणि पुढे इतक्या वेळा मनात वाचलं की आजही जवळजवळ जसंच्या तसं सांगता येईल.

"समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, अर्जदार हा माझा एकुलता मुलगा असून नोकरीपुरता नाशिक येथे राहतो. माझे व त्याचे मतभेद नाहीत व कधी नव्हते. त्याच्या घरी भाकरी होते ती बाजरी माझ्या शेतातील आहे. कांदा, लसूण व तुरीची डाळही येथूनच जाते. तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरी येतो व येथेच जेवतो. सबब आमची चूल एकच आहे. जबाब वाचून दाखविला, तो बरोबर आहे."

खाली आबांची सही. चौथीपर्यंत शिकलेले. सही करताना ते प्रत्येक अक्षराला थांबत, तशी थांबून थांबून केलेली.

हा कागद वाचून दुसरा कुणीही मुलगा विरघळला असता. मला राग आला. हे मी कबूल करतो. वाटलं, रजा वाया गेली, गॅसचा नंबर गेला, आणि हे काय बाजरी न् लसूण लावलंय. मी त्याच दुपारी नामपूरची गाडी पकडली.

आबा अंगणात खाटेवर बसून गोणपाट शिवत होते. चार महिन्यांनी मुलगा आला म्हणून माय आतून हसत बाहेर आली. मी चपलाही काढल्या नाहीत.

"आबा, असं काय लिहून दिलं तुम्ही?"

"काय लिखं?" सुई थांबवून ते म्हणाले.

"चूल एक आहे म्हणून. माझं काम अडलं ना तिकडे."

"एकच शे ना मंग. तठे बाजरी कोठली जास?"

"तुमच्या बाजरीनं स्टोव्ह पेटत नाही, आबा. त्याला रॉकेल लागतं. रॉकेलला कार्ड लागतं."

त्यांनी सुई पुन्हा गोणपाटात घातली. माय म्हणाली, "आधी पानी पी, भाऊ." माझं तिकडे लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात तो जबाब होता आणि त्यातली एक चूक मला सापडली होती. वकिलासारखी मी ती बाहेर काढली.

"आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो, हे कुठलं? कधी आलो मी? चार महिन्यांत एकदा तरी आलोय का? सरकारला खोटं का लिहून दिलं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "येशी, असं वाटनं."

येशील असं वाटलं.

खोटं दोघांनीही लिहून दिलं होतं. माझ्या खोट्यानं मी त्यांच्यापासून तुटत होतो, त्यांच्या खोट्यानं ते मला धरून ठेवत होते, आणि मी त्यांना खोटं बोलता म्हणून दटावत होतो. तेव्हा हे एवढं स्वच्छ दिसलं नव्हतं. तेव्हा फक्त आपण काहीतरी फार वाईट बोललो एवढं कळलं, आणि मी चपला काढून ओसरीवर जाऊन बसलो.

मायनं ताट वाढलं. जेवताना तिनं विचारलं, "कमी करानं म्हंजे काय, भाऊ? कार्डमा नाव कोनं कमी व्हस, माले माहीत शे. तुनी आजी गयी, तिनं व्हयनं. तुन्या बहिणी सासरे गयात, त्यास्नं व्हयनं. तू काय मरी गया का सासरे गया?"

शेवटचं म्हणताना तिचं तिलाच हसू आलं. आबाही मिशीत हसले. मग मी रॉकेलचं सांगितलं. भाकरी टाकून गॅलरीत पळणाऱ्या तिच्या सुनेचं सांगितलं. पाचवा महिना सरत आल्याचं सांगितलं. हे सगळं मी महिन्यापूर्वीच सांगू शकलो असतो. ते ऐकता ऐकता मायचा हात ताटावरच थांबला. आबा हात धुऊन उठले आणि म्हणाले, "सकाय सटाण्याले जाऊत."

सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, पेटीतून कार्ड काढून रुमालात गुंडाळलं आणि तो रुमाल सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. एसटीत दोनदा हात लावून पाहिलं.

कारकुनांनी आम्हा दोघांना एकत्र पाहिलं आणि म्हणाले, "या. मतभेद मिटले वाटतं?"

"व्हयनातच नहीत," आबा म्हणाले. "साहेब, चूल येगळी लिखा. मी सही करस. पन पहिले हाऊ शब्द खोडा."

"कुठला?"

आबांनी माझ्या अर्जावर बोट ठेवलं. घरगुती मतभेद. किती वेळ ते त्या ओळीवरून बोट फिरवत वाचत होते, मी पाहत उभा.

कारकून म्हणाले, "बाबा, दिलेल्या अर्जात खाडाखोड चालत नाही. नवीन अर्ज द्या." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला मतभेद लिहायला कोणी सांगितलं?"

"बाहेर. असं नाही लिहिलं तर काम होत नाही म्हणाले."

"नोकरीनिमित्त बाहेरगावी राहतो, एवढं लिहिलं असतं तरी झालं असतं. मला विचारायचं. ही खिडकी काय हवा यायला ठेवलीय?"

मागच्या रांगेत हशा पिकला. एक प्रश्न विचारला असता तर ओट्यावर तो अर्ज वाचला गेला नसता. पण मी कचेरीत शिरण्याआधीच लिंबाखाली सही करून मोकळा झालो होतो.

मी तिथेच हातानं नवा अर्ज लिहिला. नोकरीनिमित्त. आबांनी मला तो दोनदा वाचायला लावला. मग रुमाल सोडून कार्ड दिलं. कार्डावर सात नावं होती. आजोबा, आजी, दोन बहिणी, या चौघांवर लाल शाईच्या जाड रेघा, बाजूला मयत, मयत, विवाह, विवाह. कारकुनांनी लाल पेनाचं टोपण काढलं तेव्हा आबा पुढे वाकले.

"साहेब, पेन्सिलघाई खोडा."

"काय?"

"पेन्सिलनं हो. उद्या त्यानी बदली व्हयनी, पोऱ्या घर उना, मंग पुसता येई."

कारकून इतके हसले की त्यांना पान सांभाळावं लागलं. "बाबा, सरकारात पेन्सिल नसते. लाल शाईच लागते."

"मंग बारीक मारा."

त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी पट्टी काढली, ती माझ्या नावावर ठेवली आणि केसासारखी बारीक रेघ ओढली. कार्ड आबांपुढे धरून म्हणाले, "घ्या. नाव वाचता येतंय का?"

आबांनी डोळे बारीक करून वाचलं. माझं नाव, मग त्यांचं, मग आडनाव. सगळं मोठ्यानं वाचून झाल्यावर म्हणाले, "वाचता येस." मग नवा जबाब झाला, सही झाली, प्रत्येक अक्षराला थांबून. दाखला माझ्या हातात आला. कार्डावर आता दोनच नावं उघडी उरली होती, आबांचं आणि मायचं.

स्टँडवर माझी गाडी आधी लागली. मला म्हणायचं होतं, आबा, चुकलं. वाक्य तयार होतं. ते म्हणाले, "जाय, जागा भेटाव नही," आणि मी चढलो.

नवं कार्ड झालं. सातव्या महिन्यात गॅस आला. बायकोनं पहिल्या दिवशी उगाचच तीनदा चहा केला. सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं, ते आबा नाशिकला येईपर्यंत. आधी ते आले की दार उघडं दिसल्याबरोबर सरळ स्वयंपाकघरात जात आणि माठातून स्वतःच्या हातानं पाणी घेत. या वेळी बाजरीचं पोतं दाराशी ठेवून ते पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी डोक्यावरच. आणि विचारलं, "पानी भेटी का?"

पाहुण्यासारखं. मला ते ऐकवेना. मी उठलो, पण माझ्याआधी बायकोचा आवाज आला, "भेटी का म्हंजे? मामा, माठ काय फिरायला गेलाय का? तिथंच हाय. घ्या की."

आबा दारात घुटमळले. तिनं वाटेतून स्वतःचं अवघडलेलं शरीर बाजूला केलं, जागा करून दिली. ते आत गेले, त्यांनी पाणी घेतलं, आणि घराचे मालक असल्यासारखे म्हणाले, "माठ बदला आते. पानी गार नही करस."

मुलगी झाली. सव्वा महिन्यानं आम्ही तिला नामपूरला घेऊन गेलो. आबांनी तिला मांडीवर घेतलं, आणि थोड्या वेळानं मला जवळ बोलावलं. रुमालातलं कार्ड त्यांच्या शेजारी होतं.

"भाऊ, हिनं नाव आमना कार्डमा लाय."

"आबा, तिचं नाव आमच्या नाशिकच्या कार्डात लागेल."

"आमनामा जागा शे ना. तुनी जागा रिकामी शे. तठे लाय."

एका माणसाचं नाव दोन कार्डांवर लागत नाही. आईबाप नाशिकच्या कार्डावर आणि तान्ही पोर नामपूरच्या, हे तर होणारच नाही. मला हे सांगता आलं असतं. पण मागचं सगळं आठवलं आणि मी म्हणालो, "विचारतो साहेबांना."

आणि खरोखर विचारलं. मुद्दाम सटाण्याला उतरलो. कारकुनांनी मला ओळखलं. ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "नियमात नाही. पण बाबांना लगेच सांगू नका."

मी नाहीच सांगितलं. म्हटलं, अर्ज दिलाय. आबा म्हणाले, बरं. पुढच्या वेळी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, साहेब रजेवर आहेत. मग निवडणुकीचं काम निघालं. मग नवीन कार्डं छापून यायची होती. मुलगी बालवाडीत गेली, पहिलीत गेली, आबा विचारत राहिले आणि मी कारणं देत राहिलो. एक मात्र झालं. हे कारण द्यायला तरी मला दर महिन्याला नामपूरला जावं लागायचं. पहिला रविवार नेहमीच साधला असं नाही, पण बहुतेक वेळा साधला. आबांनी जबाबात लिहून दिलं होतं ते मी उशिरा का होईना खरं करत होतो. पण स्टँडवरचं ते वाक्य मी त्यांना कधीच म्हणालो नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. आबांना दिसायला कमी झालं होतं. एका रविवारी मी अंगणात त्यांच्याजवळ बसलो होतो. मुलगी त्यांच्या खाटेवर पालथी पडून वहीत काहीतरी रेघोट्या मारत होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सवयीनं विचारलं, "अर्जनं काय व्हयनं?"

त्या दिवशी मला काही सुचेना. सगळी कारणं वापरून झाली होती. ते वाट पाहत होते, पण उत्तराची नव्हे. मी कसा अडकतो याची. मग त्यांनीच माझी सुटका केली.

"तो साहेब आते रिटायर व्हई गया व्हई," ते म्हणाले. "नही?"

मी म्हटलं, "हो आबा. झाला असेल."

"मंग जाऊ दे," ते म्हणाले, आणि मिशीत हसले.